तुझं पान टर्कीने खाल्लं, त्याची खरी हकिकत

बेलापूर, शनिवार

तीर्थस्वरूप रतनआक्काच्या पायांशी धाकट्या बन्सीचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? नेवाशाला आमच्यापेक्षा जास्त थंडी असते असं तू नेहमी म्हणतेस (एवढ्याशा अंतरात थंडी कुठे बदलते ते तूच जाणे), तेव्हा तेल चोळत जा आणि पहाटे गोठ्यात जाताना पायमोजे घाल. गाय व्याली असेल. कालवड झाली असली तर आनंद आहे, गोऱ्हा झाला असला तरी आनंदच मान. इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे ठीक नाहीत, पण ते पुढे येईलच.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. चार वर्षांपूर्वी निकिताच्या लग्नात, भर मांडवात, सगळ्या पाव्हण्यांसमोर तू म्हणालीस की 'बन्सी, आता तुजा उंबरा मी चढायची न्हाई,' आणि चढली नाहीस. ठीक आहे. माझा गुन्हा काय, तर साऱ्या गावाला दारोदार फिरून आवतण दिलं आणि सख्ख्या बहिणीला मोबाईलवर कार्ड धाडलं. अगं, घरच्या माणसाला कोण आवतण देतं? मी मला स्वतःला दिलं होतं का? पण तो विषय आज नको. (माझं म्हणणं बरोबर होतं, एवढंच लिहून ठेवतो.) आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा गुरुवारी आमच्या अंगणात तुझ्या नावाने एक पान वाढलं होतं आणि ते एका टर्कीने खाल्लं. ही गोष्ट तुझ्या लेकाला, भागवतला, कळलेली आहे, कारण त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ गेलेला आहे. तो तुला हसत हसत दाखवेल, आणि तू म्हणशील की बन्सीने बहिणीचा वाटा जनावरापुढे टाकला. म्हणून खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

निकिता आणि जावई आदिनाथराव अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी आलेत हे तुला ठाऊकच आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे येऊन गेली. तू तिला पुरणपोळी घातलीस, ओटी भरलीस, आणि ती 'चल ना आत्या बेलापूरला' म्हणाली तेव्हा 'आवतण आल्याबिगर मी कुनाच्या दारात जात न्हाई, तुज्या बापाला सांग मी बरी हाय,' असं म्हणालीस. तिने ते मला शब्दाला शब्द सांगितलं, वर तू हात झटकतेस तसा हातही झटकून दाखवला. त्याच संध्याकाळी तिने जाहीर केलं की तिकडे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो आणि यंदा तो आपण बेलापुरात करायचा. मी विचारलं, देव कोणता? म्हणाली, देव असा नाही. नैवेद्य? टर्की नावाचा थोराड पक्षी असतो, पण तो आपण करायचा नाही, आपण अगदी साधं करायचं. मांडव नाही, भटजी नाही, कपडे घरातलेच. प्रत्येकाने आपापल्या घरून एक पदार्थ आणायचा, एकत्र बसून खायचं, आणि प्रत्येकाने कुणा एकाचे आभार मानायचे. 'बाबा, एकदम रिलॅक्स. तुम्हाला काहीच करायचं नाही.' आक्का, तीस वर्षं मी शुगर फॅक्टरीत टाइमकीपर होतो. 'तुम्हाला काहीच करायचं नाही' असं साहेब ज्या दिवशी म्हणायचा त्या दिवशी घरी जायला किती वाजायचे हे मला पाठ आहे. मला या साध्या गोष्टींचीच भीती वाटते. वाजतगाजत लग्न परवडलं, त्यात निदान आचारी असतो.

पहिली अडचण गुरुवारचीच निघाली. तो नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तुझी भावजय साळूबाई महालक्ष्मीचा घट मांडते, दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा आणि मग जेवण. आळीतल्या निम्म्या बायकांचं तेच. निकिताला जेवण दुपारी, उन्हात, उसाच्या बांधावर सतरंज्या टाकून हवं होतं. दुपारी बायका जेवायच्या नाहीत, आणि अंधार पडल्यावर उसाकडेला बसायचं तर बिबट्या आहे. (वनखात्याने पिंजरा लावलाय. त्यात आजवर दोन कुत्री आणि एकदा खुद्द पिंजरा बघायला गेलेले ग्रामपंचायत सदस्य सापडले.) शेवटी दिवेलागणीला, आमच्याच अंगणात, असं ठरलं. जावईबापू म्हणाले, 'इट्स ओके.' आदिनाथराव गुणी आहेत, पण त्यांना दुसरं वाक्य येतं की नाही याची मला शंका आहे.

दुसरी अडचण नियाजभाई. आपला अंड्यांचा टेम्पोवाला नियाज, त्याच्यासमोर निकिता सहज बोलून गेली की तिकडे या दिवशी टर्की खातात. तिने मागितली नव्हती, नुसती माहिती दिली होती. मंगळवारी टेम्पो दारात उभा राहिला आणि नियाजने एक काळाकभिन्न, लाल गळ्याचा, वळूएवढ्या रागाचा पक्षी खाली उतरवला. 'माहेरी आलेली लेक हाय, बन्सीभाऊ. तिनं नाव काढलं आन् आमी आनलं न्हाई, असं व्हईल का?' राहुरीकडे कुणी पाळतो म्हणे, तिथून आणली. आता गुरुवारी घटासमोर कापायची सोय नाही, परत न्यावी तर नियाजचं मन मोडतं, आणि रात्री बाहेर ठेवावी तर बिबट्या. सबब ती टर्की न्हाणीत कोंडली. आक्का, मंगळवारपासून या घरात एकाही माणसाची धड आंघोळ झालेली नाही. मी बादली घेऊन आत शिरलो तर तिने मला असं हटकलं की मीच तिच्या न्हाणीत शिरलोय. जावईबापू चार दिवस हातपंपावर आंघोळ करतायत. विचारलं तर इट्स ओके.

आता मुख्य घोटाळा. निकिताने यादी केली होती बारा माणसांची. मी म्हटलं, बाई, बारा माणसं म्हणजे बारा भांडणं. शेजारच्या भीमाबाईला सांगितलं आणि तिच्या जावेला नाही, तर ती जाऊ मी मरेपर्यंत लक्षात ठेवेल (तू ठेवलंस तसं). होता होता यादी सोळा घरांची झाली. आवतण द्यायला मी गहिनीनाथला बोलावलं. गावात कुणाचंही कार्य असो, तीस वर्षं दारोदार आवतण तोच सांगतो आणि त्यात त्याची कधी चूक होत नाही. मी त्याला नीट समजावलं की गुरुवारी दिवे लागल्यावर जेवायला या, आणि येताना प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणा. तो मान डोलावत गेला. पण वाटेत त्याला लाज वाटली. हे त्याने मला नंतर सांगितलं. 'बन्सीभाऊ, जेवायला या म्हनायचं आन् वर डबा घेऊन या म्हनायचं, माज्या तोंडातून निघंना. लोक इचारतील, बन्सीच्या घरातला दाना सरला का? तुमची इज्जत म्या ऱ्हाखली.' इज्जत राखायची म्हणून त्याने पदार्थाचं निम्मं वाक्य गिळलं, आणि तेवढ्याने आवतण लंगडं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने सगळ्या सोळा घरांना चूलबंद सांगितलं. म्हणजे अख्ख्या घराने यायचं, म्हातारंकोतारं सगळं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. सोळा घरं, आक्का. माणसं मोजली तर नव्वदच्या आत बाहेर.

आणि आम्हाला पत्ता नाही! आम्ही निवांत. एकदम रिलॅक्स. आमच्या वाटणीचा पदार्थ म्हणून साळूबाईने पातेलंभर कोशिंबीर केली होती. गुरुवारी दुपारी चार वाजता निकिता कुंपणावरून भीमाबाईला म्हणाली, 'काकू, तुम्ही काय आणणार आहात?' भीमाबाई चपापली. म्हणाली, 'आमी काय आननार, बाय? आमची चूल तर सकाळधरनं बंद हाय. गहिनीनाथ चूलबंद सांगून गेला ना. प्वारं कालच्या शिळ्या तुकड्यावर हायेत, संध्याकाळची वाट बघत्यात.' निकिता आत आली आणि मला म्हणाली, 'बाबा, चूलबंद म्हणजे काय?' मी सांगितलं. ती खाली बसली. साळूबाई घटापुढे पोथी घेऊन बसली होती, तिने पोथी मिटली नाही, पण माझ्याकडे एकदा पाहिलं. आक्का, तिच्या त्या बघण्यापेक्षा बिबट्या बरा.

पुढचा अर्धा तास मी काय केलं विचारू नकोस. मी ओरडलो. टाइमकीपरला दुसरं काय येतं? निकिता रडकुंडीला आली, म्हणाली, फोन करून रद्द करू. रद्द! सोळा चुली विझवायला सांगून जेवण रद्द केलं तर मला बेलापूर सोडून तुझ्याकडेच राहायला यावं लागलं असतं, आणि तू काही दार उघडलं नसतंस. तेवढ्यात नियाजची आई, बिस्मिल्लाखाला, काठी टेकत आली. तिने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि नियाजला म्हणाली, 'देग काढ.' त्यांच्या घरची ती लग्नाकार्याची मोठी देग टेम्पोतून आली, चांगली घासून पुसून, आणि त्यात मसालेभात पडला. 'लसून नगं टाकू, बायकांचं गुरुवार हाय,' हे सांगणारी बिस्मिल्लाखाला, मला तर सुचलंही नव्हतं. भीमाबाईने कुंपणावरूनच आळीला हाक घातली. मग काय, ज्या सोळा घरांना चूल पेटवू नका म्हणून सांगितलं होतं त्या सोळा घरांतून धूर निघाला. कुणी भाकरी बडवल्या, कुणी वांगी दिली ती चिरायला जावईबापू बसले (अमेरिकेतला जावई सासऱ्याच्या अंगणात विळीवर वांगी चिरतोय, यावर गाव वर्षभर जगेल), कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी गुळाची लापशी. सात वाजता सगळी सोळा घरं आपापलं टोपलं घेऊन आमच्या अंगणात. निकिता डोळे पुसत म्हणाली, 'बाबा, मला हेच तर हवं होतं!' मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. हेच हवं होतं तर मग माझं रक्त का आटवलं?

जेवणं झाली, चांगली झाली. मग तो आभाराचा भाग आला. निकिता उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, 'आता आपण सगळे आभार मानूया.' तिचं वाक्य संपायच्या आत निम्मं अंगण उठून चपला शोधायला लागलं. बिचाऱ्यांची काय चूक? आपल्याकडे आभार म्हणजे कार्यक्रम संपला. तिने हात जोडून सगळ्यांना परत बसवलं आणि समजावलं की प्रत्येकाने आपल्या माणसाचे आभार मानायचे, मनापासून. भीमाबाई नवऱ्याकडे बघेना, नवरा आभाळाकडे बघायला लागला. आपल्या माणसाचे कुणी आभार मानतं का गं? पाणी दिलं म्हणून बायकोला थँक्यू म्हटलं तर ती विचारेल, ताप आलाय का? शेवटी गहिनीनाथ उठला आणि त्याने मंडपवाल्यांचे (मंडप नव्हता), लाऊडस्पीकरवाल्यांचे (तोही नव्हता) आणि उपस्थित सर्व मान्यवरांचे आभार मानले. टाळ्या पडल्या.

मग निकिता बोलली. म्हणाली, मला माझ्या आत्याचे आभार मानायचेत. अकरावी-बारावीला दोन वर्षं मी नेवाशाला तिच्याकडे होतो (घाईत ती अजून लहानपणासारखं 'होतो'च म्हणते), तिने मला एक दिवस उपाशी पोटी कॉलेजला जाऊ दिलं नाही, परीक्षेत मी रडले तेव्हा ती म्हणाली, नापास झालीस तरी भाकरी तेवढीच मिळंल. आज ती इथे नाही. असं म्हणून तिने ओट्याजवळच्या पानाकडे बोट केलं. आक्का, तिने जेवण वाढताना तुझं पान मांडलं होतं, पाट, रांगोळी, पाण्याचा तांब्या, सगळं. मला न विचारता. नव्वद माणसं त्या रिकाम्या पाटाकडे बघायला लागली आणि मग एकेक करून माझ्याकडे. आणि ही पोरगी म्हणते, 'आता बाबा.'

मी उठलो. काय बोलायचं ते मला माहीत होतं, जिभेवर आलेलं होतं. आणि मी काय बोललो? 'सर्वांनी जेवून जावे.' सगळे जेवलेले होते. हातसुद्धा धुतलेले होते. कुणीतरी फिदीफिदी हसलं, मी बसलो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी हात धुवायला म्हणून न्हाणीचं दार उघडलं. टर्की दोन दिवसांची उपाशी आणि त्याहून जास्त अपमानित. ती अंगण कापत सरळ तुझ्या पाटाकडे गेली, पाटावर चढली, आणि मसालेभात, वांगं, लापशी, चटणी, सगळं शांतपणे खाल्लं. हाकलायला उठायची कुणाची छाती झाली नाही. बिस्मिल्लाखाला तेवढी म्हणाली, 'खाऊ द्या. मानाचं पान हाय, कुनीतरी जेवायला पायजे.' तो व्हिडिओ तिथलाच आहे.

आता तू म्हणशील, एवढं सगळं झालं आणि बन्सी सांगतोय मला कशाला. सांगतो. दुसऱ्या दिवशी उरलेली लापशी भरून ठेवायला साळूबाईने माळ्यावरून एक डबा काढला. चार पुडाचा, स्टीलचा, एका बाजूला चेपलेला, वर ठोकून नाव घातलेलं, सौ. रतनबाई. तुझ्या लग्नातला. मी नगरला कॉलेजात होतो तेव्हा दोन वर्षं रोज सकाळच्या नेवासा-नगर एस.टी.ने यायचा तो हाच. तुझं नुकतं लग्न झालेलं, सासू तसली, तरी पहिल्या गाडीला डबा कंडक्टरच्या हातात असायचा आणि मी स्टँडवर उभा असायचो. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत (शेवटच्या दिवशी तेवढा माझ्याकडेच राहिला). रिकामा म्हणजे, आत माझी चिठ्ठी असायची. मीठ कमी होतं. भाकरी जाड. परत गवार नको. भाजी तीच ती. आक्का, मला आठवतंय तेवढ्या साऱ्या चिठ्ठ्यांत एकही बरी चिठ्ठी नाही. आणि दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असायचं. हे मला काल माळ्याखाली उभं राहिल्यावर आठवलं, आणि साळूबाई म्हणाली, 'रडताय का?' मी म्हटलं, माळ्यावरची धूळ गेली डोळ्यात. ती म्हणाली, 'धूळ मी दिवाळीला काढलीय.'

असो. फार लांबलं. तेल लावत जा. भागवतला, त्याच्या बायकोला आणि गोठ्यातल्या नव्या पाव्हण्याला विचारल्याचं सांग. तो व्हिडिओ पाहिलास तर शेवटपर्यंत पाहा, टर्की खाऊन झाल्यावर तांब्यातलं पाणीही पिते. वळण चांगलं आहे.

तुझा, तुझ्याच मते बिनअकलेचा, धाकटा भाऊ
बन्सी

ता. क. टर्की तुला हवी आहे का? कापायला आता कुणी तयार नाही, निकिताने तिचं नाव धनश्री ठेवलंय. तुझ्याकडे गोठा बंदिस्त आहे, बिबट्याची भीती नाही. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. आम्हाला आंघोळ करायची आहे.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. खोटा आहे. निकिता मंगळवारी जाते. सोमवारी दुपारी आमच्याकडे जेवायला ये, भागवतच्या घरादारासकट, चूलबंद. चूल पेटवू नकोस.

ता. क. तिसरा, नेवासा स्टँडवर बसून लिहितोय, आज रविवार, म्हणून अक्षर असं. हे पत्र टपालाने टाकणार होतो, गहिनीनाथच्या हाती धाडणार होतो, डबा कंडक्टरकडे देणार होतो. मग कळलं की याच सवयीपायी आपले चार वर्षं हाल झाले. आवतण दारात येऊन तोंडाने द्यायचं असतं. तेव्हा डबा आणि पत्र भागवतच्या हातून आत पाठवतो, आणि तू हे वाचशील तेव्हा मी बाहेर तुझ्या ओट्यावर बसलेला असेन. डब्यात साळूबाईची लापशी आहे, रिकामा परत करायचा नाही म्हणून. उंबरा मी चढत नाही, तू म्हणशील तेव्हाच चढेन. आणि चौथ्या पुडात नेहमीसारखी चिठ्ठी आहे. उघडायची नसली तर इथेच सांगतो. भाजी चांगली होती, आक्का. दोन्ही वर्षं, रोज.